काळ्या पडद्यावरील चावडी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दूर असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी मनुष्याने आजवर अनेक साधने शोधून काढली. पत्राला उत्तर येण्यास दिवस लागत. तार लवकर पोचे, पण तिच्यात शब्द मोजून पैसे द्यावे लागत. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे आमच्या पिढीला तार ठाऊक आहे ती वडीलधाऱ्यांच्या आठवणींतूनच. आज मोबाइलवर संदेश पाठविताना शब्द मोजण्याची पाळी कोणावर येत नाही. तरीही ज्यात अक्षरांचा हिशेब अजून ठेवावा लागतो, असा संभाषणाचा एक प्रकार आजही जगभर चालू आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत, माऊसचीही गरज नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण आणि आपण टंकलेली ओळ, एवढाच त्याचा संसार. ‘टर्मिनल’मधून चालणाऱ्या या गप्पांची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. विषय संगणकाचा असला तरी तो केवळ विज्ञान शाखेचा नव्हे. भाषा, लिपी आणि माणसांचे परस्परांशी वागणे या आपल्याच विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

टर्मिनल म्हणजे काय?

पूर्वी एकच मोठा संगणक असे आणि अनेक जण आपापल्या जागेवरून तो वापरीत. प्रत्येकासमोर जे यंत्र असे त्याला टर्मिनल म्हणत. आरंभी ही यंत्रे टेलिप्रिंटरसारखी होती. आपण टंकावे आणि उत्तर कागदावर छापून यावे, अशी त्यांची रीत होती. पुढे कागदाच्या जागी पडदा आला. १९७८ साली ‘डीईसी’ या अमेरिकन कंपनीने काढलेले ‘व्हीटी १००’ हे टर्मिनल फार प्रसिद्ध झाले. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २४ ओळी मावत. ती यंत्रे आता संग्रहालयांत गेली, पण त्यांचे काम करणारी खिडकी आजच्या प्रत्येक लिनक्स संगणकात असते. तिलाच आपण टर्मिनल म्हणतो.

या खिडकीचा मोठा गुण म्हणजे ती फार थोडक्यात भागवते. जुना संगणक असो की रडतखडत चालणारे इंटरनेट असो, अक्षरांचे ओझे दोघांनाही पेलते. ज्या संगणकावर ब्राउझर उघडला की पंखा घरघरू लागतो, त्याच संगणकावर टर्मिनलमधील गप्पा विनातक्रार चालतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

गप्पांचा इतिहास

संगणकावरून लिहून बोलण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या संगणकावर ‘टॉकोमॅटिक’ नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात अनेक जण एकाच वेळी लिहू शकत, आणि प्रत्येकाचे अक्षर न् अक्षर टंकताच इतरांना दिसे. पुढे युनिक्स प्रणालीत ‘टॉक’ हा कार्यक्रम आला. त्यात पडदा आडवा विभागून दोघे जण समोरासमोर बोलत.

मात्र अनेकांची खरी चावडी भरली ती फिनलंडमध्ये. ऑगस्ट १९८८ मध्ये ऊलू विद्यापीठातील यार्क्को ओइकारिनेन याने ‘इंटरनेट रिले चॅट’ म्हणजेच ‘आयआरसी’ लिहिले. विद्यापीठातील ‘ऊलूबॉक्स’ या सूचनाफलकावर गप्पांचा जो जुना कार्यक्रम होता, त्याच्या जागी चांगला काहीतरी आणावा, एवढाच त्याचा मूळ उद्देश होता. पण ही सोय फिनलंडच्या बाहेर पसरली. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघात सत्ता उलथविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तेथील बातम्या आयआरसीवरून बाहेरच्या जगात पोचत होत्या. १९९३ साली या संभाषणाचे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. ते कोणालाही वाचावयास खुले आहेत आणि त्यांवरून कोणीही आपला कार्यक्रम लिहू शकतो. या मोकळेपणाचे महत्त्व पुढे येईलच.

प्रत्यक्ष वापर

आयआरसीवर बोलण्यासाठी टर्मिनलमध्ये चालणारे जे कार्यक्रम आहेत त्यांत ‘इर्सी’ आणि ‘वीचॅट’ हे दोन विशेष वापरात आहेत. इर्सी हा फिनलंडच्याच टिमो सिराइनेन याने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. मी वापरतो तो हाच. दोन्ही विनामूल्य आहेत.

इर्सी उघडला की तळाशी एक पट्टी दिसते. तिच्यात वेळ, आपले टोपणनाव आणि चालू खिडकीचे नाव असते. पट्टीखाली लिहिण्याची ओळ असते. या ओळीत साधा मजकूर लिहिला तर तो सर्वांना जातो, पण आरंभी तिरकी रेघ दिली तर ती आज्ञा ठरते. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे त्या देवनागरीत दिल्या आहेत.) ‘/कनेक्ट’ लिहून सर्व्हरचा पत्ता दिला की आपण जाळ्याला जोडले जातो. ‘/निक’ने टोपणनाव ठरते. ‘/जॉइन’ लिहून त्यापुढे # ही खूण आणि चॅनेलचे नाव दिले की त्या विषयाच्या चावडीवर आपण जाऊन बसतो. एकट्याशी बोलायचे असेल तर ‘/क्वेरी’, आणि निरोप घ्यायचा असेल तर ‘/क्विट’. एवढ्या पाच आज्ञांवर महिनाभर सहज निभावते.

प्रत्येक चॅनेलसाठी वेगळी खिडकी उघडते आणि तिला क्रमांक मिळतो. आल्ट ही कळ दाबून क्रमांक दाबला की ती खिडकी समोर येते. दुसऱ्या खिडकीत काही हालचाल झाली तर तिचा क्रमांक तळच्या पट्टीत उमटतो, आणि कोणी आपले नाव घेतले तर तो वेगळ्या रंगात दिसतो. समोरच्याचे नाव पूर्ण लिहिण्याचे कारण नाही. पहिली दोन-तीन अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली की उरलेले नाव आपोआप येते.

आतली यंत्रणाही मोठी सरळ आहे. सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ असा शब्द पाठवितो. आपल्या कार्यक्रमाने ‘पाँग’ असे उत्तर द्यावयाचे असते. उत्तर आले नाही तर ‘हा मनुष्य उठून गेला’ असे समजून सर्व्हर त्याचे नाव यादीतून काढतो. रात्री गस्तवाल्याने हाळी द्यावी आणि घरातून ओ यावी, तसाच हा प्रकार.

चावडीचा शिष्टाचार

या जगात नवख्याला जी पहिली गोष्ट शिकावी लागते ती तांत्रिक नाही. आपल्याकडे गुरुजनांना काही विचारण्यापूर्वी, “सर, एक विचारू का?” असे म्हणण्याची पद्धत आहे. त्यात आदर असतो. आयआरसीवर मात्र ‘विचारू का असे विचारू नका, थेट विचारा’ असा संकेत आहे. तो उद्धटपणाचा नाही. चॅनेलवर शेकडो नावे असली तरी माणसे आपापल्या कामात असतात. कोणी दोन मिनिटांसाठी डोकावतो, कोणी दोन तासांनी. तुमचा प्रश्न पूर्ण लिहिलेला असेल तर ज्याला उत्तर ठाऊक आहे तो ते लिहून टाकतो. नुसतीच परवानगी मागितलेली असेल तर तो वाचून पुढे जातो.

दुसरा संकेत थांबण्याचा. आपली दुपार ती कोणाची तरी पहाट असते. प्रश्न टाकून पाच मिनिटांत निघून गेलेल्याला उत्तर मिळत नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात हात वर करताना, आपले बोलणे गावंढळ तर वाटणार नाही ना, हा विचार प्रश्नाच्या आधी मनात येतो. माझ्यासारखे आणखीही कित्येक जण वर्गात आहेत, हे मी जाणतो. टर्मिनलच्या चावडीवर कोणाला माझा उच्चार ऐकू येत नाही, सदरा दिसत नाही, गाव कळत नाही. दिसते ती केवळ माझी ओळ. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलेल्या माझ्या प्रश्नाला परक्या देशातील अनोळखी मनुष्याने शांतपणे चार ओळींत उत्तर दिले, तेव्हा प्रश्न नीट मांडणे हीच मोठी ओळख असते, हे मला उमगले. पुढे वर्गात हात वर करणेही थोडे सोपे झाले.

असाच लाभ अंध विद्यार्थ्यांनाही होऊ शकतो. पडद्यावर केवळ मजकूर असल्याने तो वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाला किंवा ब्रेल पट्टीला चित्रांच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही.

मराठी अक्षरांचा हिशेब

माझा तो प्रश्न मराठीविषयीच होता. टर्मिनलमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द लिहिला तर तो फुटका का दिसतो?

कारण असे. टर्मिनलचा पडदा हा वहीच्या चौकटीच्या कागदासारखा असतो. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर एका घरात नीट बसते. आपली लिपी घरात बसणारी नाही. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी येते. रफार मागून उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षर दोन व्यंजने एकात मिसळते. हे सारे समजून घेणारी टर्मिनले थोडी आहेत. ‘एक्सटर्म’ या जुन्या टर्मिनलला ते जमत नाही; ‘एमएलटर्म’ अनेक लिपींचा विचार करून बनविलेले असल्याने त्यात पुष्कळ सुधारणा दिसते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या पडद्यावर शब्द फुटका दिसला तरी पाठविलेला मजकूर शाबूत असतो, आणि ज्याचे टर्मिनल चांगले आहे त्याला तो शुद्धच दिसतो. दोष चष्म्याचा आहे, अक्षराचा नव्हे.

दुसरा हिशेब लांबीचा. आयआरसीच्या नियमानुसार एका संदेशाला ५१२ बाइटांची मर्यादा आहे. त्यांतील २ ओळ संपल्याच्या खुणेसाठी जातात. उरलेल्या ५१० मध्ये आज्ञा, चॅनेलचे नाव आणि पाठविणाऱ्याचा पत्ता हेही मावावे लागतात. ‘यूटीएफ-८’ या सर्वमान्य पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ आणि वेलांटी अशी त्यात १० चिन्हे आहेत. म्हणजे ३० बाइट झाले! तोच शब्द रोमन लिपीत ९ बाइटांत भागतो. यामुळे मराठीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला एका संदेशात १७० हूनही कमी चिन्हे येतात. आजचा इर्सी लांब ओळ आपोआप तोडून पाठवितो, त्यामुळे अडचण होत नाही. पण एकदा हा हिशेब कळला की वाक्य आटोपशीर लिहिण्याची सवय लागते, आणि तारेत शब्द मोजणाऱ्या मागच्या पिढीची आठवण होते.

उणिवा

गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. मूळ आयआरसीमध्ये मागचे संदेश साठविले जात नाहीत. आपण नसताना जे बोलले गेले ते गेले. यावर उपाय म्हणून काही जण सदैव चालू असणाऱ्या दुसऱ्या संगणकावर ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ या कार्यक्रमात इर्सी चालू ठेवतात. आपला संगणक बंद केला तरी तिकडे गप्पांची नोंद होत राहते.

गुप्ततेचा प्रश्नही आहे. ६६९७ या क्रमांकाच्या दारातून जोडल्यास आपण आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर सांकेतिक होतो, पण सर्व्हर चालविणाऱ्याला तो वाचता येऊ शकतो. चॅनेलवरील कोणीही आपले बोलणे नोंदवून ठेवू शकतो. म्हणून चावडीवर जे बोलणार नाही ते येथेही लिहू नये.

चावडी कोणाची?

मग एवढ्या उणिवा असताना हे वापरावे कशासाठी? याचे उत्तर २०२१ मधील एका घटनेत आहे. ‘फ्रीनोड’ हे त्या वेळचे एक मोठे आयआरसी जाळे होते. त्याच्या ताब्यावरून वाद झाला आणि १९ मे २०२१ रोजी ते चालविणाऱ्या अनेक स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे उभे केले. नंतरच्या काही आठवड्यांत विकिपीडियाच्या स्वयंसेवकांसह कितीतरी समुदाय तिकडे गेले. त्यासाठी कोणालाही नवा कार्यक्रम विकत घ्यावा लागला नाही की शिकावा लागला नाही. तोच इर्सी, त्याच आज्ञा; बदलला तो केवळ सर्व्हरचा पत्ता. नियम सर्वांच्या मालकीचे होते म्हणूनच हे घडू शकले. एकाच कंपनीच्या ताब्यातील संदेशसेवेत मालकाचा निर्णय पटला नाही तर सर्वांना एकत्र उठून असे दुसरीकडे बसता येत नाही. गाव करील ते राव काय करील, या म्हणीचा प्रत्यय येथे येतो.

मित्रहो, मोबाइल टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो माझ्याही खिशात आहेच. परंतु संगणक कक्षात एखादा मोकळा तास मिळाला तर टर्मिनल उघडून एखाद्या चॅनेलवर जरूर डोकावा. लिनक्स, पायथन, विकिपीडिया असे कितीतरी विषय तेथे आहेत. मराठीत बोलणारी माणसे अशा ठिकाणी फार विरळ आढळतात. आपल्यापैकी चार-सहा जण नेमाने बसू लागले तर आपल्या भाषेचीही एक खिडकी तेथे उघडेल आणि फुटक्या दिसणाऱ्या अक्षरांची तक्रार करणारेही वाढतील. तक्रार करणारे वाढल्याशिवाय चष्मा दुरुस्त होत नसतो.