पाण्याच्या इंचात मोजलेला सूर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि युरोपात आपोआप वाजणाऱ्या पियानोंची चलती होती. भोकं पाडलेला कागदी रोल पितळी पट्टीवरून सरकायचा. पट्टीतल्या छिद्रावर कागदाचं भोक आलं की हवा आत शिरायची, झडप उघडायची, छोटा भाता आक्रसायचा आणि हातोडी तारेवर पडायची. पायाने भाते चालवून किंवा विजेच्या पंपाने आतली हवा सतत ओढली जात असे. ही ओढ जितकी जास्त, तितका सूर मोठा. 1904 मध्ये जर्मनीत एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी आणलेला ‘वेल्टे-मिन्योन’ या ओढीच्या चढउतारांतून मूळ वादकाची नजाकतही उभी करायचा.

असा पियानो आज दुरुस्त करताना ही ओढ मोजावी लागते, आणि ती फार थोडी असते. हळुवार वादनाला साधारण 5-6 इंच पाण्याइतकी, म्हणजे नळीतलं पाणी तेवढं वर ओढण्याइतकी, जोरकस वादनाला 20-30 इंच. वातावरणाचा दाब सुमारे 407 इंच पाण्याइतका असतो, हे लक्षात घेतलं की हा मामला किती नाजूक आहे ते कळतं. मोटारीच्या इंजिनाचा व्हॅक्यूम गेज इथे चालत नाही, कारण तो ओढ पाऱ्याच्या इंचात मोजतो. पारा पाण्यापेक्षा 13.6 पट जड, त्यामुळे 5 इंच पाण्याला त्याचा काटा जेमतेम हलतो. वखारीच्या काट्यावर सोनं तोलण्यातलाच हा प्रकार.

गेजच्या अचूकतेचा आकडाही फसवा असतो. ‘दोन टक्के’ ही चूक बहुधा गेजच्या पूर्ण मापनपट्टीवर धरलेली असते. 100 इंची गेजमध्ये ती 2 इंच होते. 5 इंचांच्या मापात हीच चूक थेट 40 टक्क्यांवर जाते.

सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक यू-नळी. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक हेच माप, त्यामुळे तिचं कॅलिब्रेशन करावं लागत नाही. मात्र नळी आखूड असली तर पाणी पियानोत ओढलं जातं आणि आतलं चामडं, कापड खराब होतं. शिवाय पाणी डोलतं, त्यामुळे झटपट बदल टिपायला काट्याचाच गेज बरा.

तेव्हा हळुवार सुरांसाठी 0 ते 10 इंचांचा आणि जोरकस सुरांसाठी 0 ते 50 इंचांचा, असे दोन गेज घ्यावेत आणि दोन्ही यू-नळीशी पडताळावेत. पण त्याआधी भात्यांची गळती थांबवावी. गळक्या पियानोचं माप कितीही अचूक घेतलं तरी सूर जागेवर येत नाही.