भिंत कोणी बांधली?

सांताक्रूझ पूर्वेला आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाच्या मुलांनी जुन्या चाळीच्या भिंतीवर चित्र काढायचे ठरवले आणि काय काढावे असे मला विचारले. कोणी बाबासाहेबांचे चित्र सुचवले, कोणी भीमा-कोरेगावचा स्तंभ. दोन्ही योग्यच. मी त्यांना एवढेच विचारले, ही भिंत कोणी बांधली? मुले गप्प झाली. भित्तिचित्राचा सारा प्रश्न या गप्प होण्यात आहे.

जुन्या वास्तूवर मालकाचे नाव कोरलेले असते, राबणाऱ्याचे नसते. कुलाब्याचा ससून डॉक पाहा. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर तो 1875 साली उभा राहिला. नाव अल्बर्ट ससून यांच्या घराण्याचे. या घराण्याची संपत्ती कापसाच्या आणि चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून वाढली. भरावाची पाटी कोणाच्या डोक्यावर होती, हे नावावरून कळत नाही.

2017 साली याच डॉकवर 'स्टार्ट इंडिया'ने कलामहोत्सव भरवला. भिंती रंगल्या. 'इनसाइड आउट' या उपक्रमात डॉकवरच्या माणसांची मोठी छायाचित्रे भिंतींवर चिकटवली गेली. पहाटेपासून मासळी उचलणाऱ्या, निवडणाऱ्या बाईचा चेहरा इमारतीएवढा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. हनीफ कुरेशी यांनी तर डॉकच्या वासालाच कलाकृतीचा विषय केले. वासावरून माणसाची पायरी ठरवणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. कोळी समाज अस्पृश्य नव्हता, हे खरे. पण कातडे कमावणाऱ्याला, मैला उचलणाऱ्याला ज्या नाकाने दूर लोटले, तेच नाक लोकलच्या डब्यात मासळीच्या टोपलीकडे पाहून मुरडते.

तरीही मला जी चित्रे पाहायला मिळाली त्यांत चेहरा होता, हिशेब नव्हता. अफू नव्हती, भरावाची पाटी नव्हती. ज्याचे चित्र काढले त्याला गौरव मिळाला. त्याचे दैन्य कशातून आले, हे भिंतीने सांगितले नाही.

तो हिशेब मांडलेली एक भिंत मेक्सिकोत आहे. स्पेनचा आक्रमक हर्नान कोर्तेस याने सोळाव्या शतकात कुएर्नावाका येथे आपला वाडा बांधला. 1930 च्या सुमारास दिएगो रिव्हेरा याने त्याच वाड्याच्या सज्जात भित्तिचित्रे रंगवली. त्यांत स्वारी आहे, उसाच्या मळ्यावर राबणारे मूळनिवासी आहेत आणि गुलाम केलेल्या माणसांच्या हातून हाच वाडा कसा उभा राहिला, तेही आहे. म्हणजे भिंत स्वतःच्याच जन्माची साक्ष देते. शेवटी जमिनीसाठी लढलेला आणि 1919 साली मारला गेलेला झपाटा पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून उभा आहे. कालचा अन्याय आणि आजची लढाई एकाच ओळीत येतात. या कामाचे पैसे अमेरिकेच्या राजदूताने दिले होते, हेही लपवू नये. पैसा कोणाचा हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण त्या पैशाने रिव्हेराचे तोंड बंद झाले नाही.

वास्तूचा भूतकाळ आणि आजचा प्रश्न जोडणे याचा अर्थ मला असा दिसतो. जुन्या भिंतीवर आजची घोषणा लिहिली म्हणजे जोडणी होत नाही. त्या भिंतीत ज्यांचे श्रम गाडले गेले आणि आज त्याच भिंतीआड जे कष्टात जगतात, त्यांचे नाते उघड करावे लागते. त्यासाठी रंगाआधी चौकशी हवी.

आमची चाळ आता पुनर्विकासात जाणार आहे. मग चित्र कशाला, असे एका मुलाने विचारले. प्रश्न खरा आहे. कागदपत्रांत मालकाचे नाव आहे, बिल्डरचे आहे. खडी फोडून, विटा वाहून इथे पोट भरलेल्यांचे नाही. मुले सध्या वही घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जातात आणि कोण कुठून आले, कोणते काम केले, काय मजुरी मिळाली, हे लिहून घेतात. चित्र त्यातून निघेल. भिंत पडेल तेव्हा ही वही आमच्या हातात असली पाहिजे.