भिंतीवरचा डाग आणि नातवाचा खोकला

मागच्या श्रावणातली गोष्ट. डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टर, दिवसभर हुंदडतो, पण पहाट झाली की छातीत शिट्या वाजतात. खोकल्याच्या तीन बाटल्या संपल्या." मी छाती तपासली, दम्याचा पंप लिहून दिला आणि सहज विचारले, "झोपतो कुठे हा?" आजी म्हणाल्या, "भिंतीकडेच्या पलंगावर. तिथे जरा ओल आलीय, पण गणपतीआधी रंग काढणारच आहोत."

सारी गोम इथेच होती. गणपतीआधी काढलेला रंग ओल झाकतो, घालवत नाही. याबाबतीत दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याचा मला फारसा अधिकार नाही. आमच्या स्वतःच्या घरात छताच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडला, तेव्हा मीही लागोपाठ तीन वर्षे त्यावर डिस्टेंपरचे हात मारले. दरवर्षी नवरात्र येईपर्यंत डाग पुन्हा हजर! चौथ्या वर्षी रंगाऱ्यानेच सुनावले, "डॉक्टरसाहेब, आजार वर आहे आणि तुम्ही खाली मलम लावताय."

ठाणे-कल्याण पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातून आपली राहणी अशी, की नवराबायको दोघेही सकाळच्या लोकलने निघतात, घर दिवसभर बंद, आणि आत दोरीवर ओले कपडे. अशा घरात पश्चिमेच्या भिंतीने पाणी ओढले की ती दिवाळीपर्यंत वाळत नाही. तिच्यावर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात ती बुरशी. बुरशीचे बारीक कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. दमट गादीत धूळकिडेही पोसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमट घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा यांचा त्रास अधिक आढळतो, असे त्यात म्हटले आहे. ओल आली म्हणजे प्रत्येकाला दमा होणार, असे मात्र नाही. ज्या मुलाची मूळ प्रकृती तशी आहे, त्याला ही भिंत बरे होऊ देत नाही. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर भिंतीला दोष देत बसू नका. आधी थुंकीची तपासणी करून घ्या.

आता डागाकडे वळू. पहिले काम म्हणजे पेन्सिल घ्या, डागाच्या कडेने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. पाऊस झोडपला की डाग रेघेबाहेर जातो आणि उघडीप पडली की थांबतो, असे असेल तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येते. मे महिन्यातही डाग वाढत असेल, तर वरच्या मजल्यावरची मोरी, संडास किंवा नळाची पाइपलाइन पाहावी लागेल. तिसरी शक्यता घरातल्याच वाफेची. ती ओळखायला वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. वरच्या बाजूला जमले तर खिडक्या उघडा आणि कपडे बाहेर वाळत घाला.

वरच्या मजल्याचे नाव निघाले की सोसायटीत महाभारत सुरू होते. "आमच्याकडे काही गळत नाही," हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकले आहे की आता हसू येते. भांडण्यापेक्षा एका रविवारी वरच्यांना विनंती करा. न्हाणी ट्रॅपला बोळा लावून मोरीत इंचभर रंगीत पाणी चोवीस तास साठवू द्या. खाली रंग उतरला की वाद मिटतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. घरातल्या मोरी-संडासाची गळती ज्या सभासदाची, त्याने.

गळती बंद झाल्यावर खरी परीक्षा धीराची. भिंत पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात शक्यतो हात लावूच नका. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की पंखा लावून ठेवा आणि पोपडे खरडायला घ्या. मात्र कोरडे खरडू नका, बुरशी घरभर उडते. फवाऱ्याने भिंत ओलसर करून खरडा, नाकातोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे असू द्या. जुन्या रंगांत शिसे असू शकते. रंगातील शिशावर 90 पीपीएमची कडक मर्यादा घालणारे नियम 2016 साली आले आणि पुढच्या वर्षीपासून लागू झाले. त्याआधीचे थर भिंतीवर असतील तर लहान मुले आणि गरोदर बाई यांना त्या दिवसांपुरते मामाकडे पाठवा. दमेकऱ्यालाही पाठवा.

खरडलेला भाग साबणाच्या पाण्याने पुसा. ठिपके राहिलेच तर एक वाटी पातळ ब्लीचला सोळा वाट्या पाणी घालून, खिडक्या उघड्या ठेवून पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना इजा करतो. बुरशी भिंतभर पसरली असेल तर हे काम जाणत्या कारागिराकडे द्या. भुसभुशीत झालेला, लोणा लागलेला गिलावा काढून नवा करावा लागतो. तो वाळल्यावर डागाच्या जागी ऑइल प्रायमरचा हात, मग लांबी, मग रंग. डिस्टेंपर पाण्यात कालवलेला असतो, त्यात डागाचा तपकिरी अंश विरघळून वर येतो, म्हणून आधी प्रायमर. आतून "वॉटरप्रूफ" रंग मारून सुटका होईल असे वाटत असेल, तर पाणी मागेच कोंडते आणि सहा महिन्यांत फुगे येतात.

दोन ठिकाणी स्वतः काही करू नये. ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोचली असेल तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि डाग गंजासारखा तांबडा असेल, सोबत लांब भेग असेल किंवा छताचे तुकडे पडत असतील, तर आतली सळई गंजते आहे. तिथे लांबी भरणे म्हणजे जखमेवर पावडर लावणे. 2015 च्या पावसाळ्यात आठवडाभराच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. इमारतीला 30 वर्षे झाली असतील तर संरचनात्मक तपासणी कायद्यानेच करावी लागते. सोसायटीच्या सभेत ती मागा.

आजींना मी त्या दिवशी एवढेच सांगितले, "पंप नियमित द्या, आणि पलंग आजच समोरच्या भिंतीकडे सरकवा." पलंग सरकला. रंग गणपतीऐवजी डिसेंबरात निघाला, त्याआधी वरच्या मोरीची दुरुस्ती झाली. पंप अजून चालू आहे, पण या पावसाळ्यात पहाटेच्या शिट्यांसाठी त्यांना एकदाच यावे लागले. जाताना म्हणाल्या, "यंदा पाहुण्यांनी कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."