बॅटरी बदलण्यापूर्वी

पहाटे डहाणूहून तलासरीला निघायचे आहे, आणि जुन्या मोटारसायकलचे बटण दाबले तर नुसते 'टिक्' होते. अशा वेळी आपल्याकडे निदान ठरलेलेच: 'बॅटरी गेली.' मग आठवड्याची कमाई मोजून नवी आणायची, आणि महिन्याभरात तिचीही तीच गत! मंडळी, पुष्कळदा दोष दुसरीकडे असतो आणि शिक्षा बॅटरीला होते. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी एक साधा मीटर मिळवा. शाळेच्या प्रयोगशाळेतलाही चालेल.

बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे ओळीने जोडलेली सहा घरे, दर घराचे दोन व्होल्टांहून थोडे अधिक. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. (फार जुन्या सहा व्होल्टच्या गाडीला हे आकडे निम्मे धरावेत.) पण एवढ्यावर विसंबू नका. बांधावर ऐटीत उभा असलेला बैल जू मानेवर येताच बसावा, तशीही बॅटरी असते. बटण दाबून धरा आणि मीटर पाहा. भरलेली असूनही काटा दहाच्या खाली कोसळला, तर मात्र ती खरोखर थकली.

काटा टिकला आणि तरीही गाडी हलेना, तर वाट तपासा. आपल्या भागातले खरे दुखणे बहुधा इथेच सापडते. झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, मागे बांधलेल्या मासळीच्या पाटीतून ठिबकणारे पाणी! पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, तशीच तांब्याची टोके कळकतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढते आणि चासीला जोडलेल्या काळ्या वायरीखाली गंज धरतो.

आता कोणी विचारील, जोड खराब तर दिवा कसा लागतो? शिक्षकांनी हे गणित मुलांना जरूर घालावे. समजा, गंजाचा विरोध ०.०५ ओहम आहे. दिव्याला सुमारे ३ अँपिअर लागतात, म्हणजे ०.१५ व्होल्ट वाया; डोळ्यांना कळणारही नाही. पण स्टार्टरने ६० अँपिअर मागितले की त्याच जोडात ३ व्होल्ट मुरतात! हा चोर पकडायचा तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून बटण दाबा. पाव व्होल्टाहून बरेच अधिक दिसले, तर जोड सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. खर्च काही रुपयांचा.

वाट चोख असेल तर गाडी चालू करून मध्यम गतीवर बॅटरीची टोके मोजा. १३.८ ते १४.५ असावेत. तेराच्याही खाली राहिले तर भरणा होत नाही. रेक्टिफायर आणि मॅग्नेटच्या कॉइलच्या वायरी पाहाव्यात. पंधराच्या वर गेले तर बॅटरी उकळते आणि तिचे पाणी भराभर आटते. जुन्या बुलेटवाल्यांना हे हँडलपुढच्या अँपिअरच्या काट्यावरच कळे. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. आणि झाकण उघडे असताना विडी पेटवू नका, आत जळणारा हायड्रोजन असतो.

एक रोग उरतो: रात्री ठीक, सकाळी मेलेली. चावी बंद करून ऋण टोकाची वायर काढा आणि टोक व वायर यांच्यामध्ये मीटरच्या दिव्याएवढा छोटा बल्ब धरा. जुन्या साध्या गाडीत तो लागता कामा नये. मिणमिणला, तर वीज कुठेतरी गळते आहे. एकेक जोड सोडवत जा. हॉर्न, ब्रेकच्या दिव्याचा स्विच, मागाहून बसवलेले हौसेचे दिवे. ज्या जोडाला बल्ब विझेल, तिथेच वायर सोलली गेलेली सापडेल.