ऐकणाऱ्याची कला

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाहीं. नको असलेलें दृश्य माणूस डोळे मिटून दूर करूं शकतो. नको असलेला आवाज मात्र झोपेंतही कानांत शिरतच असतो. निसर्गानें उघडें ठेवलेलें हें दार मनानें आपल्या परीनें लावून घेतलें आहे. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घरांतल्या माणसांना ऐकूं येत नाहीं. ती बंद पडली, कीं मात्र सर्वांच्या माना एकदम वर होतात. आवाज कानावर आदळणें निराळें आणि तो ऐकणें निराळें, हें एवढ्या साध्या अनुभवावरूनही कळतें. या दोहोंमध्यें जें अंतर आहे, त्या अंतरांत गेल्या सुमारें साठ वर्षांत एक नवी कला उभी राहिली आहे. तिला ध्वनिमांडणी म्हणतां येईल.

गायनाची बैठक सर्वांच्या परिचयाची आहे. तिला आरंभ आहे, शेवट आहे. स्वर कोणत्या क्रमानें यावे हें गवई ठरवितो आणि श्रोता एका जागीं बसून ते ग्रहण करतो. ध्वनिमांडणींत ही व्यवस्था उलटी होते. कलावंत एखादा नाद एखाद्या जागीं ठेवून देतो, जशी एखाद्यानें वाटेवर कमान उभारावी. ऐकणारा वाटेल तेव्हां येतो, वाटेल तितका वेळ थांबतो आणि निघून जातो. गायनांत स्वर चालतात आणि श्रोता बसलेला असतो. येथें स्वर बसलेला असतो आणि श्रोता चालतो. म्हणूनच या कलेंत ऐकणाऱ्याची पावलें, त्याची मान आणि त्याचें अवधान यांना वाद्याइतकेंच महत्त्व येतें.

या विचाराची पूर्वतयारी जॉन केज या अमेरिकन संगीतकारानें केली. १९५१ सालीं तो हार्वर्ड विद्यापीठांतल्या एका विशेष खोलींत गेला. तिच्या भिंती आंतला प्रत्येक आवाज शोषून घेत आणि बाहेरचा येऊं देत नसत. तेथें पूर्ण शांतता भेटेल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत त्याला दोन स्वर ऐकूं आले, एक उंच आणि एक खालचा. उंच स्वर मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असें त्याला सांगण्यांत आलें. यांपैकीं पहिला उलगडा आज फारसा ग्राह्य मानला जात नाहीं. परंतु केजला मिळालेला धडा त्यामुळें खोटा ठरत नाहीं. जिवंत माणसाला निःशब्दता अशी कोठेंच भेटत नाहीं, हा तो धडा होय. पुढच्याच वर्षीं, २९ ऑगस्ट १९५२ रोजीं, न्यूयॉर्क राज्यांतल्या वुडस्टॉक येथें डेव्हिड ट्यूडर हा वादक केजची नवी रचना सादर करण्यासाठीं पियानोपाशीं बसला आणि ४ मिनिटें ३३ सेकंद त्यानें एकही सूर वाजविला नाहीं. वारा, छपरावरचे पावसाचे थेंब आणि अस्वस्थ श्रोत्यांची कुजबुज हेंच त्या दिवशींचें संगीत होतें.

केजनें रस्त्याचे आवाज सभागृहांत आणले, तर मॅक्स न्यूहाउस यानें श्रोत्यांनाच सभागृहांतून रस्त्यावर नेलें. न्यूहाउस (१९३९–२००९) हा तालवाद्यें वाजविणारा नामांकित वादक. १९६६ सालीं त्यानें कांहीं श्रोते जमविले, त्यांच्या हातांवर ‘ऐका’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा शिक्का उमटविला आणि एकही शब्द न बोलतां तो त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून फिरवून आणूं लागला. वाद्य नाहीं, व्यासपीठ नाहीं. शिक्क्याची आज्ञा हीच काय ती संगीतरचना. पुढें वादनाचा व्यवसाय सोडून तो ध्वनिमांडणीकडेच वळला.

त्याची सर्वांत प्रसिद्ध कृति न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या चौकांत आहे. मोटारींचे कर्णे, जाहिरातींचा झगमगाट आणि माणसांची रेटारेटी यांसाठीं हा चौक जगभर ठाऊक आहे. तेथें दोन रस्त्यांच्या मधोमध पादचाऱ्यांसाठीं एक त्रिकोणी जागा आहे आणि तिच्या जमिनींत भुयारी रेल्वेच्या हवेसाठीं लोखंडी जाळी बसविलेली आहे. या जाळीखालच्या पोकळींत न्यूहाउसनें १९७७ सालीं ध्वनियंत्रणा बसविली. तींतून दिवसरात्र एक गंभीर घुमारा वर येतो. मोठी घंटा वाजून गेल्यावर मागें उरणाऱ्या नादाची त्याला उपमा देतां येईल. तेथें फलक नाहीं, कलावंताचें नांव नाहीं. न्यूहाउसनेंच तसा आग्रह धरला होता. त्यामुळें हजारों माणसें जाळीवरून निघून जातात आणि त्यांना कांहीं विशेष जाणवत नाहीं. एखादाच थबकतो. हा आवाज यंत्राचा असेल असें त्याला प्रथम वाटतें. मग दोन पावलें मागें सरावें तों नाद विरतो, पुढें यावें तों पुन्हा भरून येतो. अशा कोलाहलांत एक अदृश्य दालन उभें आहे आणि आपण त्याच्या उंबरठ्यावर आहोंत, हें त्याचें त्यालाच उमगतें. फलक असता, तर त्याला ही गोष्ट सांगितली गेली असती. आतां ती त्यानें स्वतः शोधलेली असते.

दोन पावलांनीं नाद बदलावा यांत कांहीं जादू नाहीं. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनें असलेल्या खर्ज स्वराची एक लाट म्हणजे साडेतीन मीटरांच्या आसपास लांब असते. बंद खोलींत असा स्वर अखंड चालू ठेवला, तर जाणाऱ्या आणि भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. कांहीं जागीं त्या परस्परांना बळ देतात, कांहीं जागीं परस्परांना पुसून टाकतात. खर्जाच्या बाबतींत या दोन जागांमधलें अंतर एखाद्या पावलाएवढें असतें. १,००० कंपनांच्या स्वराच्या बाबतींत तें वीतभरही नसतें, नुसती मान वळविली तरी पुरे. शिवाय एका कानावर ध्वनि दुसऱ्या कानाच्या आधीं पोहोंचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. पण तेवढ्यावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवितो. म्हणजे खोलीचा आकार माणूस कानांनींही चाचपीत असतो. फक्त त्याला त्याची दाद नसते.

या तत्त्वावर ला माँट यंग आणि मॅरियन झझीला या दांपत्यानें १९९३ सालीं न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर ‘ड्रीम हाउस’, म्हणजे स्वप्नगृह, मांडलें. रंगीत प्रकाशानें भरलेल्या खोलींत विद्युत्‌यंत्रांतून निघालेले स्वर न थांबतां, न बदलतां चालू असतात. स्थिर उभें राहिलें तर नाद स्थिर. मान हलविली, कीं स्वरांचे थवे उडाल्यासारखें वाटतें. दीर्घ स्वरांची ओढ यंगला आधींपासूनच होती. पण १९७० पासून हीं दोघें पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झालीं. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे गायक, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. याच घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले होते. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून कोणी न छेडतां उमटणारा स्वयंभू गंधार ज्यानें ऐकला आहे, त्याला हें स्वप्नगृह परकें वाटणार नाहीं. तो गंधार नवशिक्याला ऐकूं येत नाहीं. कान निवला म्हणजे येतो, आणि मग तो आजवर कसा ऐकूं आला नाहीं याचेंच नवल वाटतें.

कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ यांची २००१ ची कृति याहून सुलभ आहे. थॉमस टॅलिस या सोळाव्या शतकांतल्या इंग्रज रचनाकाराचें चाळीस स्वतंत्र आवाजांचें एक धर्मगीत आहे. कार्डिफ यांनीं प्रत्येक आवाज निरनिराळा ध्वनिमुद्रित केला आणि चाळीस ध्वनिक्षेपक अंडाकृति मांडून प्रत्येकाला एकेक आवाज वांटून दिला. मध्यभागीं उभें राहिलें, तर नादाचा समुद्र. एका ध्वनिक्षेपकाजवळ गेलें, तर एका माणसाचा श्वास. गायन अकरा मिनिटें चालतें, मग तीन मिनिटें विसांवा. त्या विसांव्यांत गायकांचें खोकणें, खाकरणें आणि गप्पा ऐकूं येतात. जेथें कोणीही नाहीं, तेथें चाळीस माणसें असल्याचा भास इतका दाट असतो, कीं कित्येकांचे डोळे भरून येतात.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ज्यांत राग नाहीं, शब्द नाहीं, कसबाचें प्रदर्शन नाहीं, त्या घुमाऱ्याला कला कां म्हणावें? तंबोरा हा गाण्याचा आधार होय, गाणें नव्हे. याला उत्तर एवढेंच, कीं ही कला गायनाची जागा मागतच नाहीं. गायन स्वरांना आकार देतें. ही कला अवधानाला आकार देते. शिवाय तिची एक मर्यादा उघड आहे. नभोवाणीवरून गाणें घरोघर पोहोंचतें, व्याख्यान पोहोंचतें. ध्वनिमांडणी पोहोंचत नाहीं. टाइम्स स्क्वेअरचा नाद ध्वनिमुद्रित केला, तर हातीं केवळ एक घरघर येते. दोन पावलें मागें सरण्याची सोय तींत नसते. तिच्यासाठीं माणसाला देहासह त्या जागीं जावें लागतें.

न्यूहाउसनें ही कृति १९९२ सालीं बंद केली. चौकांतला गोंगाट तसाच राहिला. दालन तेवढें नाहींसें झालें. २००२ सालीं ती पुन्हा सुरू झाली आणि डाया आर्ट फाउंडेशन या संस्थेकडे सोंपविण्यांत आली. याच संस्थेच्या बीकन येथील संग्रहालयासाठीं त्यानें २००५ सालीं आणखी एक मांडणी केली. प्रत्येक तास भरण्यापूर्वीं तेथें एक मंद स्वर कोणाच्या लक्षांत न येईल इतक्या हळूहळू वाढत जातो आणि तास भरतांच एकदम थांबतो. स्वर चालू असतांना तो कोणाला ऐकूं येत नाहीं. तो थांबतो, तेव्हां पाखरें, झाडांतला वारा आणि दूरची आगगाडी हीं सारीं नव्यानें कानावर येतात.