कात्रज ते सिंहगड नक्की किती किलोमीटर? एका डोंगरवाटेवरून मोजमापाचा धडा



पुण्यात डोंगरात धावणाऱ्या किंवा ट्रेकला जाणाऱ्या कोणालाही विचारा, "कात्रज ते सिंहगड किती अंतर आहे?" कोणी तेरा किलोमीटर सांगेल, कोणी चौदा, कोणी ठामपणे सोळा. तिघांकडेही पुरावा असतो, मनगटावरच्या घड्याळाचा. वाट एकच, घड्याळंही बरी, मग आकडे वेगळे का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला मोजमापाबद्दल जेवढं समजलं, तेवढं कोर्सवर्कच्या पेपरमध्येही समजलं नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट-नेटची तयारी करताय, प्रपोजल लिहिताय. म्हणून आज हा विषय.

आधी माझी फजिती

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ऑक्टोबर महिना. मी आणि लॅबमधला एक ज्युनिअर, दोघांनी ही वाट दिवसा पळत करायची ठरवली. लोक ती सहसा रात्री करतात, कारण या टेकड्या बोडक्या आहेत, सावली नाही आणि वाटेत पाण्याची खात्री नाही. मी कागदावर हिशोब मांडला: अंतर 14 किलोमीटर, सपाटीवर माझा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटं, म्हणजे दीड तास. डोंगर आहे म्हणून वर निम्मा वेळ धरला. झाले सव्वादोन तास. एकेक लिटर पाणी पुरे.

सकाळी आठला जुन्या बोगद्यापाशी सुरुवात केली. तीन-चार टेकड्यांनंतर पळणं थांबलं, चालणं सुरू झालं. निम्म्या वाटेत पाणी संपलं. ज्युनिअरच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो एका खिंडीत खालीच बसला. गुरं घेऊन आलेल्या एका काकांनी त्यांच्याजवळचं पाणी दिलं, म्हणून निभावलं. घाटरस्त्याला लागलो तेव्हा पाच तास होत आले होते.

सोमवारी गाईडना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तू वर धरलेला तो 'निम्मा वेळ' कुठून आणला होतास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आकडा मोजलेला नव्हता, कुठून काढलेलाही नव्हता, सरळ मनाने ठेवलेला होता. आणि त्याच्या भरवशावर मी दुसऱ्या माणसाला उन्हात नेलं होतं.

पहिला प्रश्न: अंतर म्हणजे काय?

घड्याळ वाट मोजत नाही. ते ठरावीक वेळाने ठिपके नोंदवतं आणि ते सरळ रेषांनी जोडतं. यात दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने खेचतात.

ठिपके लांब लांब असतील, तर वळणं कापली जातात. नागमोडी चढावर वाट इकडून तिकडे वळत असते आणि नोंद मात्र मधून सरळ निघून जाते, म्हणून अंतर कमी भरतं. ठिपके फार जवळ असतील, तर जीपीएसची काही मीटरची थरथरही अंतरात मोजली जाते. तुम्ही खिंडीत दम खात उभे असता आणि घड्याळ तुम्हाला चालवत राहतं.

मँडेलब्रॉट या गणितज्ञाने 1967 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीबद्दल हाच प्रश्न मांडला होता: पट्टी जेवढी लहान, तेवढा किनारा लांब. त्यामुळे "खरं अंतर किती?" या प्रश्नाला "कोणत्या पट्टीने?" हे सांगितल्याशिवाय अर्थच नाही. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याला हा प्रश्न लागू आहे.

दुसरा प्रश्न: चढ किती?

इथे गोंधळ जास्त आहे. आम्हा दोघांच्या घड्याळांत एकूण चढाईचा फरक अडीचशे मीटरच्या आसपास होता. कारण समजण्यासाठी एक प्रयोग करा. एक्सेलमध्ये एकाखाली एक 100 रांगांत 700 मीटर ही उंची लिहा. म्हणजे तुम्ही सपाटीवर आहात. आता प्रत्येक आकड्यात उणे 3 ते अधिक 3 मधला कोणताही यादृच्छिक आकडा मिळवा. मग लागोपाठच्या नोंदींमधले फक्त चढ तेवढे बेरजेला घ्या. साधारण 100 मीटर चढाई निघेल. जागचे न हलता!

का? कारण अंतिम उंची काढताना चुका एकमेकींना खोडतात, पण एकूण चढाईत आपण फक्त अधिक बाजू उचलतो. चूक खोडली जात नाही, साठत जाते. खऱ्या जीपीएसमध्ये लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून परिस्थिती इतकी वाईट नसते. पण दिशा हीच.

यावर उपाय म्हणून गाळणी लावतात: दहा मीटरपेक्षा लहान चढ मोजायचाच नाही. मग थरथर जाते, पण आठ मीटरचं खरं टेकाडही जातं. हवेच्या दाबावर उंची काढणारी घड्याळं थरथर कमी करतात. मात्र दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ-नऊ मीटरने बदलते. पावसाळ्यात ढग दाटून आले की डोंगर न हलता उंची हलते.

"मग नकाशावरून उंची घेऊ" असं वाटेल. उपग्रहांवरून किंवा 2000 साली अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या ज्या फाइली आपण फुकट उतरवून घेतो, त्यांतला एक चौकोन साधारण 30 मीटरचा असतो. डोंगराच्या अरुंद धारेवरून जाणारी वाट त्या चौकोनापेक्षा अरुंद. जीपीएस थोडंसं बाजूला सरकलं की तुम्ही धारेवर असता आणि फाइल तुम्हाला उताराच्या पोटात ढकलते. माझा विषय डोंगरउतारावरची मातीची धूप आहे. पहिल्या प्रकरणातले माझे उतारांचे आकडे याच फाइलींतून आले होते. त्या सोमवारनंतर मी ते सगळे पुन्हा काढले.

तिसरा प्रश्न: चढाची किंमत किती?

1892 मध्ये नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि वर चढलेल्या दर 2000 फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात, 4.8 किलोमीटरला एक तास आणि 610 मीटर चढाला एक तास. म्हणजे एक मीटर चढ साधारण आठ मीटर सपाटीइतका.

आता माझा हिशोब पुन्हा करू. अंतर 14 किलोमीटर, चढ समजा 1000 मीटर. अंतराचे 2 तास 55 मिनिटं, चढाचे 1 तास 38 मिनिटं. एकूण साडेचार तास, तेही कुठेही न बसता. सव्वाशे वर्षं जुना नियम आमच्या पाच तासांच्या किती जवळ आला बघा!

दुसरीकडे 2002 मध्ये मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी डोंगरात धावणाऱ्या दहा जणांना ट्रेडमिलवर पळवून ऊर्जेचा खर्च मोजला. सपाटीवर एक किलो वजन एक मीटर नेायला सुमारे 3.4 ज्यूल लागतात. शंभर मीटरला 45 मीटर चढ असेल, तर सुमारे 18.9.

हे सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेला लावू. वाट एका बाजूने साधारण 2.7 किलोमीटर, चढ साधारण 600 मीटर, म्हणजे शंभराला बावीस. मिनेत्तींच्या सूत्राने खर्च सपाटीच्या सुमारे 2.7 पट, म्हणजे सपाटीचे 7.3 किलोमीटर. नाइस्मिथच्या नियमाने साडेसात.

आनंद झाला ना? मलाही झाला होता. पण जरा थांबा. एक नियम चालण्याच्या वेळेबद्दल आहे, दुसरा धावण्याच्या ऊर्जेबद्दल. दोन आकडे जुळले म्हणून त्यांनी एकच गोष्ट मोजली असं होत नाही. शिवाय मी सरासरी उतार वापरला. सरळ चढत जाणाऱ्या वाटेला ते चालून जातं. कात्रज-सिंहगडसारख्या वर-खाली वाटेवर चढ आणि उतार एकमेकांना खोडतात, सरासरी नगण्य येते आणि पाय मात्र प्रत्येक टेकडीचा हिशोब वेगळा ठेवतात.

जे मोजलंच नाही त्याचं काय?

त्याच सूत्राने आतकरवाडीच्या वाटेवरून पळत उतरायचा खर्च सपाटीच्या जवळजवळ निम्मा येतो. कागदावर उतार म्हणजे मजा. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या काय म्हणतात? उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्याला ऑक्सिजन कमी लागतो, पण स्नायूंच्या तंतूंना इजा जास्त होते. प्रयोगात ऑक्सिजन मोजला होता, इजा नाही. आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर मुरूम नसतो, घसारा नसतो, श्रावणातलं शेवाळ तर नसतंच. यात प्रयोगाचा दोष नाही. प्रयोगाने जे विचारलंच नव्हतं, ते उत्तर त्याच्याकडून वसूल करणं हा आपला दोष.

शेवटी

पाणी देणाऱ्या त्या काकांना मी विचारलं होतं, "रस्ता अजून किती लांब?" ते म्हणाले, "तुमच्या चालीनं दोन तास." तेव्हा हसू आलं होतं. आज वाटतं, आमच्यात नीट मोजमाप त्यांचंच होतं. एकक वेळेचं, आणि मोजणी कोणासाठी आहे तेही सांगितलेलं.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. घराजवळची टेकडी निवडा आणि एकाच वाटेवर एकाच घड्याळाने पाच वेळा जा. अंतर, चढ आणि वेळ लिहून ठेवा. पाच आकड्यांतला फरक आधी बघा, सरासरी नंतर. मग तुमच्या प्रपोजलमधला प्रत्येक आकडा घ्या आणि त्यापुढे एक शब्द लिहा: मोजलेला, काढलेला की मनाने ठेवलेला. तिसऱ्या रकान्यात किती आले ते प्रामाणिकपणे मोजा.

आणि डोंगरात जाताना पाणी हिशोबापेक्षा जास्त घ्या. हिशोब चुकला तर प्रकरण पुन्हा लिहिता येतं. खिंडीत बसलेल्या मित्राला ते सांगून उपयोग नसतो.