नवी खोली : जोते भरीव की पोकळ?

घरात सून आली, नातवंडे झाली की मागच्या अंगणात एखादी खोली काढण्याचा बेत ठरतो. चर्चा होते ती छपराची आणि फरशीच्या रंगाची. फरशीखाली काय असावे, हे मात्र मिस्त्रीवर सोपवले जाते. घरातल्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच आहे.

भरीव जोत्यात मुरूम भरून त्यावर दगडाचे सोलिंग, गिट्टीचे काँक्रीट आणि फरशी येते. पोकळ जोत्यात स्लॅब चहूबाजूंच्या बीमवर टेकतो व खाली दीड-दोन फूट जागा मोकळी राहते. त्याला लोखंड आणि सेंट्रिंग लागते, म्हणून खर्च जास्त.

खालची जमीन मुरमाड व पाणी निचरणारी असेल तर भरीव जोतेच घ्यावे. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून चोपावा. काँक्रीटखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला की ओल वर चढत नाही. पायासाठी खोदलेली माती फुकटची म्हणून जोत्यात परत लोटण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत ही काटकसर महागात पडते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फरशी उचलते, फुटते आणि फटींतून ओल व वाळवी वर येते. काळ्या मातीचा थर खोल असेल तिथे पोकळ जोत्याचा खर्च करणे योग्य.

पुराच्या गावांचे वेगळे. पर्लकोटेचे पाणी भामरागडात अनेकदा शिरले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली होती. अशा ठिकाणी जोते भिंतीवरच्या जुन्या पूररेषेच्या वर घ्यावे. ते पोकळ असेल तर खाली साचलेला गाळ व मेलेले उंदीर काढण्यासाठी बाहेरून झडप हवी.

पोकळीचा मोठा धोका मात्र बारमाही आहे. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे सरपण, बांबू आणि जुनी कवेलू ठेवण्याची सोय! तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप. मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. हा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता तडक ग्रामीण रुग्णालय गाठावे. पोकळीच्या झरोक्यांना बारीक तारेची जाळी बसवावी आणि आतली जमीन उताराची करावी, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास वाढतात.

आणखी एक गोष्ट जुन्या भिंतीची. नवा भराव जुन्या जोत्यावरील ओलरोधक थराच्या वर गेला, तर ओल थेट जुन्या खोलीत शिरते. भिंतीला बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा व लहान मुलांचा खोकला हटत नाही. भराव टाकण्यापूर्वी भिंतीच्या त्या भागाला जलरोधक गिलावा करून घ्यावा. जुने झरोके असतील तर ते बुजवू नयेत.

जोते कोणतेही असो, पावसाळ्यात खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी. मलेरियाचे डास आणि मण्यार, दोन्ही बाहेर राहतात.